जुन्या लॅबमधली सोडियम फ्लोराइडची बाटली, काय करू? (सोलापूर)

लॅबवाली अक्का

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले ते या मार्चपर्यंत तिथंच होते. सर आता थकले, लॅब बंद करायचं ठरलं, सात रस्त्याजवळची भाड्याची जागा महिनाअखेर रिकामी करून द्यायचीय. परवा कपाटं आवरताना सगळ्यात खालच्या कप्प्यात एकदम मागं एक प्लास्टिकची बाटली सापडली, अर्धा किलोची, पाऊण भरलेली. लेबल अर्धं उडालंय, 'सोडियम फ्लो' एवढंच वाचता येतंय, आणि त्याच्याखाली माझ्याच अक्षरात स्केचपेननं लिहिलंय, 'बल्बसाठी'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शुगरचं रक्त ज्या राखाडी टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात त्यात तळाशी थोडीशी पांढरी पावडर असते ती म्हणजे सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट. आता ट्यूबा तयार येतात, २ मिलीच्या ट्यूबमध्ये साधारण ५ मिलीग्रॅम फ्लोराइडचं मीठ आणि ४ मिलीग्रॅम ऑक्झलेट. पण आम्ही लागलो तेव्हा पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून, त्यात एक भाग फ्लोराइड आणि तीन भाग ऑक्झलेट असं मिश्रण आम्हीच घालायचो. त्यालाच फ्लोराइड बल्ब म्हणायचो, अजून बरेच जण ट्यूबला बल्बच म्हणतात. दुपारी पेशंट नसले की दोघी-तिघी बसून शंभर शंभर बल्ब भरायचो. हातात मोजे नाहीत, तोंडाला काही नाही, पावडर टेबलावर सांडली तर फडक्यानं पुसायची आणि ते फडकं परत तिथंच.

बाटलीत अंदाजे पावणेचारशे ग्रॅम आहे. ५ मिलीग्रॅमच्या हिशोबानं पंचाहत्तर हजार ट्यूबा होतील एवढी. जागेच्या मालकांचा माणूस म्हणाला द्या की ओतून मोरीत, पाणी सोडा वरनं. मला ते पटेना. टाकायची कुठं, द्यायची कुणाला, आणि तोवर ठेवायची कशी, जाणकारांनी सांगा प्लीज.

रसायनमास्तर

अक्का, मोरीत ओतली नाहीत हे फार चांगलं केलं. जरा हिशोब बघा. सोडियम फ्लोराइडमध्ये वजनाच्या ४५ टक्के फ्लोराइड असतं, म्हणजे तुमच्या बाटलीत साधारण १७० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस १०५००, एका लिटरला १ मिलीग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा सांगतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. १ मिलीग्रॅमनं धरलं तर ती एक बाटली एक लाख सत्तर हजार लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत न्यायला पुरते. दहा हजार लिटरचे सतरा टँकर झाले, तेही उन्हाळ्यात आपल्याकडं टँकरची काय किंमत असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ठेवायची कशी. बाटली प्लास्टिकची आहे ते बरंय, तशीच राहू द्या, काचेच्या बरणीत अजिबात काढू नका. कोरडी पावडर काचेला लगेच काही करत नाही पण ओल लागली, द्रावण झालं की फ्लोराइड हळूहळू काच खातं, म्हणून फ्लोराइडची द्रावणंसुद्धा लॅबमध्ये प्लास्टिकमध्येच ठेवतात. बाटली जाड प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या डब्यात, डब्यावर मोठ्या मराठी अक्षरात 'विष – सोडियम फ्लोराइड'. आणि शेजारी कुठलंही ॲसिड नको. टॉयलेट साफ करायचं, फरशीचं, बॅटरीचं, काहीच नको. ॲसिड आणि सोडियम फ्लोराइड एकत्र आलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं, तो निराळाच राक्षस आहे.

बाकी गुणधर्म म्हणाल तर दिसायला अगदी मिठासारखं, वास नाही, ९९३ अंशाला वितळतं, १०० मिली पाण्यात साधारण ४ ग्रॅम विरघळतं आणि पाणी उकळलं तरी ५ च्या आसपासच. साखर कशी गरम पाण्यात भराभर विरघळते तसं याचं होत नाही.

नवी आई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. हे वाचून घाबरले. माझ्या अडीच वर्षाच्या मुलाच्या पेस्टवर फ्लोराइड लिहिलंय, ती हीच वस्तू का? त्याला पेस्ट गिळायची सवय आहे. बंद करू का?

दाताची डॉक्टर, होटगी रोड

बंद करू नका, कमी करा 🙂

तीन वर्षाच्या आतलं मूल असेल तर ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती मुलांसाठी नाहीच. ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, थुंकायला शिकवा, आणि ट्यूब वर कपाटात ठेवा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. का ते सांगते. आपल्याकडं टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम चालतं आणि तो आकडा ट्यूबवर लिहावाच लागतो. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅमला १ मिलीग्रॅम. शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलीग्रॅम. आणि किलोमागं ५ मिलीग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं की आम्ही ते विषबाधा समजून ताबडतोब दवाखान्यात पाठवतो. दहा किलोच्या मुलाला ५० मिलीग्रॅम, म्हणजे अर्धी ट्यूब. मुलं गोड चवीची पेस्ट बसून अर्धी ट्यूब खाऊ शकतात. तांदळाएवढ्या पेस्टमधून जे जातं ते याच्या कुठंच जवळ नाही, त्यामुळं रोजच्या ब्रशिंगला घाबरू नका.

फायदा खरा आहे. दाताचं वरचं कवच कॅल्शियम-फॉस्फेटचं असतं, तोंडातला आंबटपणा वाढून पीएच साडेपाचच्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. फ्लोराइड त्यात बसलं की तेच कवच साडेचारपर्यंत तग धरतं. मी रोज चार-चार दाढा किडलेली पाच वर्षांची मुलं बघते, बाटलीत दूध-साखर देऊन झोपवलेली. त्यांना आम्ही ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावतो, दाताला थेंबभर, वर्षातनं दोन-तीनदा.

अजून एक, सगळ्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइडच असतं असं नाही. पांढऱ्या, खडूच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात, कारण साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर खडूतलं कॅल्शियम त्याला धरून बसतं आणि दाताला काही मिळतच नाही. पारदर्शक जेलमध्ये सिलिका असते, तिथं सोडियम फ्लोराइड चालतं. घरी जाऊन ट्यूबमागचं बारीक अक्षर वाचा, फरक दिसेल.

नवी आई

थँक्यू डॉक्टर. ट्यूब आत्ताच वर ठेवली. सासूबाईंना पण वाचून दाखवलं तांदळाच्या दाण्याचं, त्या म्हणाल्या आम्ही तर बोटावर राखुंडी घ्यायचो.

जुळे सोलापूरकर

कॅल्शियम धरून बसतं म्हणाले म्हणून विचारतो. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरे थर बसतात. मग त्यात फ्लोराइड नसणारच ना, कॅल्शियमनं धरून ठेवलं असणार? आणि उकळून प्यायलं तर जातं का?

रसायनमास्तर

विचार बरोबर दिशेनं आहे पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं त्यात फ्लोराइड फार वर चढू शकत नाही हे खरं, आणि जिथं पाणी मऊ, सोडियमवालं, क्षारट असतं तिथं ते जास्त सापडतं हेही खरं. पण कॅल्शियम फ्लोराइडसुद्धा लिटरला १५-१६ मिलीग्रॅम विरघळतं, त्यातलं निम्मं फ्लोराइड धरलं तरी मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणून भांड्यावरचे थर बघून समजत नाही, तपासावंच लागतं. भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बोअरचं पाणी तपासून मिळतं, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत लिटरभर न्या.

उकळून उलट वाढतं. पाणी वाफ होऊन जातं, फ्लोराइड खाली राहतं. आरओनं बरंच कमी होतं. गावपातळीवर नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं शोधलेली नलगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. नलगोंडा म्हणजे आपल्या हैदराबाद रोडनं पुढं गेलं की लागणारा तेलंगणातला जिल्हा, तिथल्या पाण्यानं माणसांची हाडं वाकली म्हणून त्या पद्धतीला ते नाव मिळालं. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवट भागात हा त्रास जुना आहे. दातावर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढं मान-पाठ ताठ होणं. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९३७ साली, आंध्रातल्या नेल्लोरकडं.

मागवाला, पूर्व भाग

अक्का नमस्कार. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अशोक चौकाच्या पुढं. हा धागा वाचून मला झोप नाही आली म्हणून लिहितोय. टॉवेलवर गंजाचे डाग पडतात, मागाचं लोखंड, पाणी, पावसाळा, मग एक्सपोर्टचा माल रिजेक्ट होतो, तर डाग काढायला एक लिक्विड मिळतं कॅनमधनं, दोन थेंब टाकले की डाग डोळ्यादेखत गायब, जादूच. कॅनवर काही लिहिलेलं नसतं, घेणारा पण विचारत नाही देणारा पण सांगत नाही. दोन वर्षापूर्वी आमच्याकडच्या एका पोराच्या बोटाला लागलं, तेव्हा त्याला काहीच झालं नाही, हात धुतला फडक्याला पुसला आणि कामाला लागला. रात्री बाराला त्याच्या आईचा फोन, पोरगं रडतंय, बोट ठणकतंय, वर काही दिसत नाही. दवाखान्यात नेलं तर पहिल्यांदा त्यांना पण कळेना. नख काळं पडलं. तर माझा प्रश्न, ते हेच का?

रसायनमास्तर

हे नाही, पण याच घरातलं, आणि याच्याहून वाईट. गंज काढणाऱ्या त्या पाण्यात बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक ॲसिड नाहीतर अमोनियम बायफ्लोराइड असतं. फ्लोराइड लोखंडाला घट्ट धरतं, म्हणून डाग जातो. पण ते ॲसिड पातळ असलं की कातडीवर जळल्यासारखं वाटत नाही, आत शिरत जातं, आतल्या कॅल्शियमला धरतं, मग काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी, भयंकर ठणका सुरू होतो. तुमच्या पोराचं अगदी तसंच झालं.

यावर घरगुती उपाय नाही. लागल्या लागल्या नळाखाली भरपूर पाण्यानं धुवायचं, कपडे-अंगठी काढायची, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं २.५ टक्के जेल चोळायचं, ते कारखान्यात आणूनच ठेवायचं. आणि दवाखान्यात गेल्यावर 'ॲसिड लागलं' असं नुसतं सांगू नका, 'फ्लोराइडचं ॲसिड' असं सांगा. त्या एका शब्दानं उपचार बदलतात. ज्या कॅनवर नाव नाही तो कॅन विकत घेऊ नका, दुकानदाराकडनं लेखी माहितीपत्रक मागा, देत नसेल तर दुसरा बघा.

मागवाला, पूर्व भाग

मागणार. उद्याच. जेलचं नाव लिहून घेतलंय. त्या पोराचं बोट आता बरंय, नख परत आलं, तो अजून आमच्याकडंच आहे.

ओतकाम, चिंचोळी

आमच्याकडं ॲल्युमिनियमचं ओतकाम चालतं, तिथं पण फ्लोराइड आहे, फ्लक्समध्ये. वितळलेल्या धातूवर फ्लक्स टाकतो, मळी वर येते ती खरडून काढतो. पोत्यावर क्रायोलाइट, सोडियम फ्लोराइड अशी नावं असतात. ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मालात सोडियम फ्लोराइडमधलं सोडियम धातूत उतरतं आणि सिलिकॉनचे दाणे बारीक होतात, माल ठिसूळ राहत नाही, एवढं मला आमच्या जुन्या मिस्त्रीनं शिकवलं.

माझा अनुभव एवढाच की फ्लक्स ओलं असेल तर हात लावायचा नाही. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं आणि तसंच ओलं फ्लक्स भट्टीत टाकलं की पाण्याची एकदम वाफ होते आणि धातू उडतो. आमच्याकडं छपरापर्यंत उडाला होता, नशीब समोर कोणी नव्हतं. तेव्हापासून फ्लक्स भट्टीशेजारी पत्र्याच्या डब्यात वाळवूनच वापरतो. आणि धूर. नाकात झोंबतो, डोळ्याला पाणी येतं. उन्हाळ्यात आपल्याकडं बाहेरच ४४ अंश असताना पोरं मास्क लावायला तयार होत नाहीत, म्हणून भट्टीवर धुराडं आणि पंखा केला, मास्कची वाट बघत बसलो नाही.

लॅबवाली अक्का

किती ठिकाणी आहे हो ही एक पावडर. मी तीस वर्षं हाताळली आणि मला वाटायचं ती फक्त आमचीच.

लॅबचं थोडं सांगते, कारण लोक विचारतात की शुगरला वेगळी ट्यूब कशाला, एकाच ट्यूबमध्ये सगळं घ्या की. रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. मोहोळ, अक्कलकोटहून सकाळी घेतलेलं रक्त दुपारी आमच्याकडं पोचायचं, चार तास. १२० ची शुगर असेल तर साध्या बल्बमध्ये ती नव्वदच्या घरात येऊन बसते. डायबेटिसच्या उंबरठ्यावरचा माणूस नॉर्मल म्हणून घरी जातो. फ्लोराइड पेशीतल्या एनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, साखर मोडायची साखळी तिथं थांबते. पण तेही लगेच नाही, पूर्ण थांबायला चार तासांपर्यंतही लागतात, पहिल्या तास-दोन तासांत थोडी शुगर उतरतेच. म्हणून ट्यूब घेतल्या घेतल्या आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची, हलवून फेस काढायचा नाही, आणि होईल तेवढं थंड ठेवायचं. नवीन पोरी घाईत उलटी करत नाहीत, पावडर तळाशी तशीच राहते, मग रिपोर्ट चुकतो आणि मशीनला दोष देतात. आणि त्या ट्यूबमधलं रक्त सोडियम-पोटॅशियमला कधी लावायचं नाही, त्यात घातलेलंच तर सोडियम आणि पोटॅशियम आहे.

आता जे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगते. सुरुवातीच्या दिवसात आम्ही ही पावडर रोजच्या वापरासाठी थोडी काढून एका रिकाम्या बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवायचो. चहाचा स्टोव्ह त्याच खोलीत होता. एकदा साखर संपली. चहा करणारा मुलगा नवीन होता, चौदा-पंधराचा असेल, त्यानं डबा उघडला, पांढरं दिसलं, चमचा घातला. मी ट्यूबा धुवायला मोरीवर होते, मागं वळून बघितलं म्हणून दिसलं. हातातला चमचा झडप घालून घेतला. सहा कप चहा होता. एक कप माझा होता. त्या दिवशी सरांनी डबा फेकून दिला आणि स्टोव्ह बाहेर गेला, पण डबा भरून ठेवणारी मीच होते.

दाताची डॉक्टर, होटगी रोड

अक्का, वाचून अंगावर काटा आला. आणि हे दुसरीकडं खरंच घडलंय. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सेलम गावी सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथं नोव्हेंबर १९४२ मध्ये तळघरातनं दुधाची पावडर आणायला पाठवलेल्यानं चुकून झुरळं मारायची पावडर आणली, ती सोडियम फ्लोराइड होती. अंड्याच्या भुर्जीत गेली. २६३ जण आजारी पडले, ४७ गेले. खाणाऱ्यांनी चव खारट, साबणासारखी लागतेय म्हणून सांगितलं होतं.

मोठ्या माणसाला ५ ते १० ग्रॅम जीवघेणं ठरू शकतं, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढं. पोटात गेलं तर: तोंड धुवायचं, शुद्धीवर असेल तर दूध पाजायचं, दुधातलं कॅल्शियम पोटातच त्याला धरतं. मुद्दाम उलटी काढायची नाही. १०८ ला फोन, आणि डबा सोबत न्यायचा. रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही.

रसायनमास्तर

आता अक्कांच्या मूळ प्रश्नाकडं येतो. काल मी त्यांच्या लॅबवर जाऊन आलो. लेबल अर्धं असताना 'असणार फ्लोराइडच' म्हणून पुढं जायचं नसतं, आणि जुन्या लोकांसारखं जिभेला लावून तर मुळीच बघायचं नाही. चिमूटभर पावडर प्लास्टिकच्या कपात पाण्यात विरघळवली आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण घातलं, लगेच पांढरा, चिकट-चिकट गाळ आला. कार्बोनेट असतं तरी गाळ येतो म्हणून वेगळ्या चिमटीला व्हिनेगरचा एक थेंब लावून बघितला, खिडकीपाशी, लांबून, बुडबुडे नाही आले. बाटलीवरचं नाव, अक्कांचं अक्षर आणि हे, तिन्ही जुळतं. हे घरी कुणी करू नका, मला हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि या कामाची सवय होती.

आमच्या कॉलेजला ही बाटली घ्या म्हणून अक्कांनी विचारलं. नाही म्हणालो. इतकी वर्षं उघडलेली, शुद्धता माहीत नसलेली पावडर प्रॅक्टिकलला वापरणं बरोबर नाही, आणि आमच्या कपाटात अशा अनाथ बाटल्या आधीच आहेत.

चुन्यानं घरच्या घरी निकामी करू का असं कुणीतरी खासगी निरोपातनं विचारलं होतं. सांडलेल्या चिमूटभरासाठी ठीक, चुन्याच्या निवळीनं फरशी पुसा, फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवा. पावणेचारशे ग्रॅमसाठी नको. गाळ किती बसला, पाण्यात किती उरलं हे मोजायला आपल्याकडं काही नसतं.

ओतकाम, चिंचोळी

आमच्या कारखान्याचा घातक कचरा रांजणगाव एमआयडीसीतल्या केंद्रावर जातो, पण दुसऱ्याचा माल आमच्या नावावर घालता येत नाही, कागद लागतात. अक्का तुमच्या लॅबचा जैव कचरा उचलायला गाडी येत असेल ना? त्यांच्याशीच बोला. सुया, ट्यूबांबरोबर रासायनिक कचऱ्याची पण नोंद त्या नियमात आहे, लॅब अजून कागदावर चालू आहे तोवरच हे करून घ्या, बंद झाल्यावर कोणी दारात उभं करणार नाही.

लॅबवाली अक्का

अगदी बरोबर बोललात, रजिस्ट्रेशन या महिनाअखेरपर्यंतच आहे. सोमवारी गाडीवाल्यांच्या ऑफिसला फोन केला. पहिल्यांदा म्हणाले पिवळ्या पिशवीत टाका बाकी कचऱ्याबरोबर. मी म्हटलं पावडर आहे, विष आहे, पिवळी पिशवी भट्टीत जाते, वेगळी घ्या. मग साहेबांशी बोलणं झालं, त्यांनी लेखी मागितलं, नाव, वजन, किती जुनी, कशात ठेवलीय. सरांची सही घेऊन पाठवलं.

जुळे सोलापूरकर

मी बोअरचं पाणी देऊन आलो तपासायला, शेजारच्या दोन घरांचं पण नेलं. रिपोर्ट आला की सांगतो.

लॅबवाली अक्का

आज सकाळी बाटली गेली. मास्तरांनी सांगितल्यासारखं बाटली पिशवीत, पिशवी डब्यात, डब्यावर चारी बाजूंनी लिहिलं. गाडीवरचा मुलगा नेहमीसारखा एका हातानं उचलायला लागला, त्याला थांबवून आधी मोजे घालायला लावले आणि आत काय आहे ते समजावून सांगितलं. त्यानं पावतीवर वजन लिहिलं, ३६८ ग्रॅम, बाटलीसकट नाही, बाटली वजा करून, मीच काट्यावर केलं होतं. पावती फाइलला लावली.

कपाटाच्या त्या कप्प्यात बाटलीच्या बुडाचा गोल उमटलाय. चुन्याच्या निवळीनं दोनदा पुसला, मग साध्या पाण्यानं. घरमालकांना सांगून ठेवलंय की तो कप्पा खायच्या वस्तू ठेवायला वापरू नका, आणि कपाटाच्या दारावर आतून तसं लिहून चिकटवलंय.

मागवाले अण्णा, जेल मिळालं का?

मागवाला, पूर्व भाग

मिळालं अक्का. दोन ट्यूबा. एक मागाजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलीय, एक ऑफिसात. तो बिननावाचा कॅन परत केला, दुकानदार चिडला.